चौथा मुलगा

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पोलीस आले आणि वरच्या मजल्यावरच्या हर्षलला घेऊन गेले. मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. जिन्यात आधी बुटांचा आवाज झाला, मग त्याच्या आईचा, सगुणाबाईंचा. इतकी वर्षं त्या आमच्या डोक्यावर भाड्याने राहतायत, पण त्यांचा आवाज कसा आहे ते मला आज कळलं.

रविवारी संध्याकाळी इथे नाशकात द्वारका चौकाजवळ एका बांधकाम मजुराचा खून झाला, हे मी कालच पेपरात वाचलं होतं. त्याची सायकल कुणाच्या तरी मोटारसायकलला घासली, एवढ्यावरून कोयता चालवला. मी ‘काय दिवस आलेत’ म्हटलं आणि पान उलटून शब्दकोडं सोडवायला घेतलं. आज तेच पान रद्दीतून काढून परत वाचलं. हल्लेखोर चार, सगळे विशीच्या आतबाहेरचे. त्यातला एक माझा सिलिंडर खांद्यावर घालून वर आणून द्यायचा आणि म्हणायचा, “काकू, लायटर द्या, लावूनच दाखवतो.”

दुपारी मी शेगडीची बटणं साबण लावून पुसून काढली. पुन्हा एकदा पुसली. हे मी काय करतेय ते लक्षात आलं तेव्हा हात थांबवला, पण जेवण गेलं नाही.

मनमाडला रेल्वेत नोकरीला होते तेव्हा मी रोज लिहायचे. रिटायर होऊन इंदिरानगरला मुलाकडे, राकेशकडे राहायला आले आणि सवय सुटली, लिहिण्यासारखं काही घडेना. आता घडलंय. विहारात भंतेजी सांगतात, कारणाशिवाय काही उत्पन्न होत नाही, कारण शोधा. तर मला ते शोधायचंय. बरा बोलणारा, बरा वागणारा मुलगा माणूस कसा मारतो?

राकेशला हे सांगितलं तर म्हणाला, “मम्मी, तू सोसायटीची सेक्रेटरी आहेस, पोलीस नाहीस. तू यात पडू नको.” माझी काळजी फार त्याला.

१२ नोव्हेंबर

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कालपासून दुसरा विषय नाही. भर चौकात फाशी द्या. हात तोडा. एन्काउंटर करा. सकाळी ‘शुभ सकाळ’च्या खाली गुलाबाचं फूल टाकणाऱ्या बायका त्याच बोटांनी हे लिहितायत. आमचे चेअरमन गायधनी यांनी लिहिलं, “संस्कार कमी पडले.” त्याला सगळ्यांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. मीही टाकलं.

तिघं धरलेत. चौथ्याने तोंडाला रुमाल बांधला होता, तो सापडलेला नाही. खून झाल्यावर मोटारसायकली आमच्या बाजूला आल्याचा पोलिसांना संशय आहे. एक हवालदार कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागायला आला. कॅमेऱ्याचं सगळं राकेशच बघतो, म्हणून त्याला त्याच्या फ्लेक्सच्या दुकानातून बोलावलं. तो म्हणाला, डिस्क दिवाळीतच गेली, दुरुस्तीला टाकलीय. “मम्मी, तुला मी सांगितलं होतं की.” मला आठवत नाही. पण हल्ली माझं विसरायला होतं.

रविवारी संध्याकाळी कुणी काही पाहिलं का, असं हवालदाराने विचारलं. पाहणार कोण? त्या दिवशी आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याचा, भाऊंचा वाढदिवस होता. सगळी बिल्डिंग जेवायला मैदानावर गेली होती. यंदा महापालिकेला उभे राहणार म्हणून भाऊंनी पूर्ण वॉर्डाला जेवण ठेवलं होतं. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी घरी होते. राकेशने माझं पार्सल आणलं, गुलाबजाम फार गोड होते. पार्सल देताना त्याने विचारलं, आवाज आला का काही खालून? मी म्हटलं, टीव्ही चालू होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज त्या तिघांची धिंड काढली. पोलिसांनी त्यांना आमच्या गल्लीतून चालवत नेलं, दहशत मोडावी म्हणून. राकेशचा फोन आला, “मम्मी, खाली जाऊन बघ, आणलंय त्यांना.” मी चपला घालून गेले. खोटं कशाला लिहू, मला बघायचं होतं.

हर्षल मधे होता. पाय धड टाकता येत नव्हता त्याला. दोरीने कंबरा बांधलेल्या, आणि तिघांनाही कान धरून काहीतरी म्हणायला लावत होते. पहिल्यांदा मला बरं वाटलं. अगदी स्पष्ट बरं वाटलं, घशातलं काही खाली उतरावं तसं. मग बाजूला पाहिलं. बी विंगमधल्या एकाने नातवाला खांद्यावर घेतलं होतं आणि सांगत होता, “तो बघ, तो लंगडतोय ना, तो आपल्या इथला.” पोरगं टाळ्या वाजवत होतं. एक बाई फोन उंच धरून दुसरीला म्हणत होती, “तू सरक ना, चेहरा येत नाहीये.” कुणीतरी वडापाव खात होतं. लोकांच्या तोंडावर तेल होतं, हसू होतं. लग्नाच्या वरातीतही माणसं इतकी खूश नसतात.

मी वर पाहिलं. सगुणाबाई गॅलरीत उभ्या होत्या. हातात पिळलेला टॉवेल. वाळत घालायचा राहून गेलेला.

मला मळमळायला लागलं. कशाने, ते नीट सांगता येत नाही. त्या मुलाने केलं त्यानेच, असं समजते.

दुपारपर्यंत कोपऱ्यावर बॅनर लागला. ‘पोलीस दलाचे जाहीर आभार’, आणि खाली भाऊंचा हात जोडलेला फोटो. राकेशच्या दुकानातलाच. काम सफाईदार असतं त्याचं, रंग उठून दिसतात. द्वारकेला एवढी फ्लेक्सची दुकानं आहेत, पण भाऊ राकेशशिवाय कुणाकडे जात नाहीत.

१७ नोव्हेंबर

सगुणाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसेनात. मागे आरोही, त्यांची मुलगी, दहावीला आहे. तिच्या क्लासच्या बाईंनी काही दिवस येऊ नको म्हणून सांगितलंय.

“ताई, माझ्या पोरानं काय केलं नाय असं मी म्हणत नाय,” त्या म्हणाल्या. “त्यानं त्या माणसाचे हात धरले. मला सोत्ता बोलला. पळून जाऊ नये म्हणून हात धरले. पण कोयता त्याच्यापाशी नव्हता. कोयता चौथ्यानं आणला आन् चौथ्यानंच मारला.”

“मग नाव सांगू दे की त्याला.”

“नाव घेतलं तर ह्या पोरीला बघून घेतील. आन् नाय घेतलं तर वकील देतील. तसा निरोप आलाय.”

“कुणाचा?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या कॅमेऱ्यात दिसलं असतं ताई. ते हितंच आले होते गाड्या धुवायला.”

मी सांगितलं, कॅमेरा बंद होता. त्या ‘बरं’ म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं ते लिहून ठेवते, कारण मी कारण शोधत होते. बाप टेम्पो चालवायचा, तो वारला. हर्षलने आयटीआय केलं, अंबडच्या कारखान्यात लागला, पण कॉन्ट्रॅक्ट संपलं की घरी. पुन्हा दुसरीकडे, पुन्हा घरी. घरी बसला की जेवताना मान खाली. मग भाऊंच्या मंडळात जायला लागला. तिथे काम नव्हतं, पण टी-शर्ट मिळाला, गाडीत पेट्रोल मिळालं, ‘भाऊचा माणूस’ म्हणून टपरीवाला चहाचे पैसे घेईना. वाढदिवसाच्या बॅनरवर फोटो आला. चौकात, एवढा मोठा. “जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी मोठं केलं ताई. त्या दिवशी मी त्याची दृष्ट काढली.”

मला तिडीक आली. बॅनरवर चेहरा आला म्हणून दृष्ट काढणारी आई. ज्या बॅनरवर भाऊ तलवारीने केक कापतायत, तो. असल्या बॅनरांनीच पोरं बिघडतात, हे मी राकेशलाही कितीदा बोललेय. तो म्हणतो, ऑर्डर येते, आपण छापतो. तेही खरं आहे. छापणाऱ्याचा त्यात काय दोष.

२० नोव्हेंबर

मेलेल्या माणसाचं नाव बुधा. पेपरात ते दोन दिवस दोन प्रकारे आलं होतं. सुरगाण्याच्या बाजूचा. आमच्या मागे जी नवी इमारत उठतेय तिथेच तो कामाला होता, हे मला आज वॉचमनने सांगितलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसते. डोक्यावर घमेली घेऊन माणसं वर जातात, मी रोज बघते. त्यातला एक तो असणार. कोणता, ते सांगता येत नाही. सगळे सिमेंटने एकाच रंगाचे झालेले असतात.

गायधनींना फोन केला. म्हटलं, सोसायटीतर्फे त्याच्या घरी कुणी जाऊन यावं. ते म्हणाले, “मॅडम, मयताचा आपल्या सोसायटीशी काय संबंध?”

२३ नोव्हेंबर, रविवार

पार्किंगमध्ये सभा झाली. पाण्याच्या टाकीचा प्रश्न असतो तेव्हा कोरम होत नाही, आज खुर्च्या कमी पडल्या.

सगुणाबाईंच्या घरमालकाने त्यांच्याकडून फ्लॅट खाली करून घ्यावा, असा ठराव होता. एकजण म्हणाला, फ्लॅटचे रेट पडतील. एकजण म्हणाला, आपल्या मुली जिन्याने जातात येतात. कुणीतरी विचारलं की आई आणि मुलीने काय केलंय. त्याला उत्तर मिळालं, “घरात वातावरण असल्याशिवाय असं होत नाही.” मग बी विंगमधले ते, नातू खांद्यावर घेणारे, म्हणाले, “अशा लोकांना जागा देतानाच बघायला पाहिजे होतं.”

हे वाक्य मी आधी ऐकलंय. आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा याच गृहस्थांनी राकेशला विचारलं होतं, आडनाव काय, मूळ गाव कुठलं, आणि मग हसून, नाही, सहज विचारलं. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावला त्या दिवसापासून त्यांची बायको हळदीकुंकवाला बोलवायची विसरते. आज त्या वाक्यावर सगळे माना हलवत होते आणि मी इतिवृत्त लिहीत होते. मी ते वाक्य लिहून घेतलं नाही. ‘सखोल चर्चा झाली’ असं लिहिलं.

ठराव एकमताने झाला. खाली सही मी केली. सेक्रेटरीला करावीच लागते.

वर येऊन हात धुतले. स्नेहा, माझी सून, रक्त-तपासणीच्या लॅबमधून आली होती, ती बघत होती. म्हणाली, “आई, तुम्ही सही केलीत?” मी म्हटलं, पद्धत असते. हल्ली ती फारच कमी बोलते. नवराबायकोत काहीतरी बिनसलंय, पण विचारणार कसं.

२६ नोव्हेंबर

सकाळी विहारात संविधान दिन. उद्देशिका म्हणताना माझा आवाज मधेच बसला, थंडीने असेल.

संध्याकाळी ‘गुन्हेगारीमुक्त प्रभाग’ म्हणून मेणबत्ती मोर्चा. पुढे भाऊ. पांढरे कपडे, दंडाला काळी फीत. बुधाचं नाव ते ‘बुधाजी’ असं घेत होते, आडनाव कुणीतरी चिठ्ठीवर दिलं तेव्हा घेतलं. भाषण झाल्यावर ते थेट माझ्याकडे आले आणि पाया पडले. म्हणाले, “आई, राकेश म्हणजे आमचा उजवा हात.” चार लोकांत असं म्हटल्यावर बरं वाटतंच. त्यांच्या मागे त्यांचा पुतण्या होता. तळहाताला बँडेज. मी विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, “क्रिकेट खेळताना, काकू.” गोरापान, देखणा मुलगा, नजर मात्र खाली ठेवत नाही.

स्नेहाने ते बँडेज पाहिलं आणि मेणबत्ती विझवून घरी निघून गेली. मी आले तर जेवायला बसेना. म्हणाली, “आई, बॉल लागून तळहाताला आडवा काप जातो का?” मी म्हटलं, मला काय माहीत, लॅबमध्ये तू असतेस.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

राकेश दुकानात गेल्यावर स्नेहाने दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं. ती सांगायला लागली. कॅमेरा बंद नव्हता. दिवाळीतही नव्हता आणि त्या रविवारीही नव्हता. त्या संध्याकाळी चौघं आमच्या पार्किंगमध्ये आले. सोसायटीच्या नळाला पाइप लावून त्यांनी गाड्या धुतल्या. चौथ्याने तोंडावरचा रुमाल सोडला आणि हाताला गुंडाळला. भाऊंचा पुतण्या. राकेशच्या फोनमध्ये तिने हे स्वतः पाहिलंय. राकेशने दुसऱ्याच दिवशी डिस्क काढून घेतली. दुरुस्तीला वगैरे काही नाही, दुकानात आहे.

मी तिला म्हटलं, तू माझ्या मुलावर आळ घेतेस. आणखीही काही बोलले, ते इथे लिहीत नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मी इतके दिवस गप्प बसले आई, माझ्याच्याने होत नाही. जाऊन बघा तुम्ही.”

रिक्षाने द्वारकेला गेले. दुकानात मशिनवर भाऊ बाहेर येत होते. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. भिंतीला सगळीकडे भाऊच वाळत घातलेले. त्या शाईचा वास मला आजवर मुलाच्या कष्टाचा वास वाटायचा. आज तो नाकात शिरला तो अजून गेलेला नाही.

राकेश कॉम्प्युटरवर होता. वाढदिवसाचाच फोटो निवडणुकीसाठी नव्याने करत होता. भाऊंच्या मागे मुलांची रांग होती, त्यातली ती तीन मुलं तो पुसत होता. दोन पुसून झाली होती. त्यांच्या जागी आभाळ भरलं होतं, ढगांसकट. हर्षलचं डोकं गेलं होतं आणि खांदे अजून राहिले होते.

मी विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल. निदान रागावेल. त्याने मशीन बंद केलं आणि मला खुर्ची दिली.

“मम्मी, तो मेला तो मेला. डिस्क दिल्याने परत येणारे का?”

“ज्याने मारलं तो मोकळा फिरतोय.”

“तिघं आत आहेत ना. लोकांना पण समाधान झालं. तूच बघून आलीस की.”

“डिस्क फोडून का नाही टाकलीस मग?”

तो थोडा हसला. आपल्या हुशारीचं कौतुक व्हावं अशा थाटात. “फोडून कसं चालेल? उद्या भाऊ निवडून आले आणि मला ओळखेनासे झाले तर? हातात काहीतरी पाहिजे ना.”

त्याला शाळेत घालताना मी मनमाडहून रोज अपडाउन केलं. त्याने कुणाच्या दारात उभं राहू नये म्हणून. तो आता कुणाच्याही दारात उभा राहत नाही. दाराची किल्ली खिशात ठेवतो.

“तुझ्या त्या सगुणाबाईच्या मुलाने हात धरले होते, माहितीय ना?” तो म्हणाला. “त्याला बिचारा बिचारा करू नको.”

ते मला माहीत होतं. मी उठले. बाहेर रस्त्याच्या कडेला मला उलटी झाली. एका भाजीवालीने पाणी दिलं.

२ डिसेंबर

मागच्या इमारतीच्या साइटवर गेले. बुधाची आई अक्काबाई तिथेच कामाला आहे. दहावं झाल्यावर परत आली, गावी जाऊन करणार काय. विटा उतरवत होती. मला बसायला तिने सिमेंटची रिकामी गोणी झटकून दिली.

मी म्हटलं, मी त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. ती म्हणाली, “मंग तुला ठाव असंल. त्यांना आमचा बुधा आधीपासून ठाव व्हता का?”

“नाही.”

“काही भांडान?”

“नाही.”

“मंग कशाला मारला?”

तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं. ती रडत नव्हती, हात जोडत नव्हती. शिकलेली बाई आलीय, तिला माहीत असेल, म्हणून विचारत होती. मी एवढे दिवस पानं लिहिली, कारणं जमवली. कारखाना, कॉन्ट्रॅक्ट, टी-शर्ट, बॅनर. त्यातलं एक तिच्यासमोर तोंडातून निघेना. ‘त्यांना दाखवायचं होतं की आपण कोणीतरी आहोत,’ असं सांगितलं असतं, तर तिने विचारलं असतं, कुणाला दाखवायचं होतं? तर आम्हाला. जे खाली उभे राहून बघतात त्यांना.

ती म्हणाली, “जाय, ऊन लागंल.” आणि विटांकडे वळली.

५ डिसेंबर

स्नेहाने डिस्क आणली. दुकानाची दुसरी किल्ली तिच्याकडे असते. डब्याच्या पिशवीत, पोळीच्या फडक्यात गुंडाळून आणली. आम्ही दोघी चौकीत गेलो.

तिथला साहेब बऱ्याच वयाचा होता. माझा जबाब लिहून घेताना थांबला आणि म्हणाला, “ताई, मुलगा आहे तुमचा. पुरावा लपवल्याचं कलम लागेल त्याला. घरी जाऊन एकदा विचार करा. मी अजून सही घेतलेली नाही.”

मला मोह झाला. तसा मोठा मोह झाला. तो माणूस चांगुलपणाने सांगत होता. मी स्नेहाकडे पाहिलं. ती म्हणाली, “तुम्ही नाही केलीत तर मी करीन. पण तुम्ही करा.”

केली. ठरावावर केली होती तशीच सही आहे, वळण तेच.

९ डिसेंबर

पुतण्याला गुजरातच्या बाजूला धरलं. राकेशलाही परवा नेलं. जाताना माझ्याशी बोलला नाही, स्नेहाकडे बघितलंही नाही. शर्ट बदलला, भांग पाडला आणि गेला. जिन्यात शेजारची दारं किलकिली झाली होती.

भाऊंचं निवेदन आलं. कायद्यापुढे पुतण्या असो की कोणी, सर्व समान. ते बॅनरवरही आलंय. दुसऱ्या दुकानाने छापलंय, भाऊ जरा निळे दिसतात. खाली मुलांची नवी रांग आहे.

मला ग्रुपवरून काढलं. त्याआधीचे मेसेज वाचले होते. भर चौकात फाशी द्या म्हणणारेच लिहितायत, ‘पोटच्या पोराला कोणती आई अशी अडकवते?’, ‘सुनेने कान भरले’, ‘सोसायटीची बदनामी झाली’. बुधाबद्दल एक अक्षर नाही. गायधनी राजीनामा मागायला आले. सोफ्यावर टेकले नाहीत, चहा नको म्हणाले. मी राजीनामा तिथल्या तिथे लिहून दिला. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळेना की ह्यांना खुनाची चीड कधी आली होती की नाही. मला आली होती का, हेही आता खात्रीने सांगता येत नाही. धिंडीच्या दिवशी जे बरं वाटलं, ते काय होतं?

११ डिसेंबर

सगुणाबाई निफाडकडे भावाच्या गावाला गेल्या. टेम्पोत सामान भरताना कुणी हात लावला नाही. स्नेहा आणि मी गेलो. कपाट उतरवलं, गाद्या उतरवल्या. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती.

मला वाटलं होतं, त्या काही बोलतील. आभार नाही, पण काहीतरी. टेम्पोत बसताना म्हणाल्या, “ताई, बरं केलंत तुम्ही. पण तुमचा जामिनावर येईल. माझा नाय यायचा.” त्यात राग नव्हता. खरं होतं ते.

आरोहीने पुस्तकांची पिशवी मांडीवर घेतली होती. मी म्हटलं, दहावीचा फॉर्म नाशिकचाच राहू दे, परीक्षेला माझ्याकडे येऊन राहा. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “बघू.”

१४ डिसेंबर, रविवार

राकेशला जामीन झाला. दुपारी घरी आला. स्नेहा येवल्याला माहेरी गेलीय, परत येईन असं म्हणाली आहे, कधी ते म्हणाली नाही. घरात आम्ही दोघंच.

तो बराच बारीक झालाय. दाढी वाढलीय. मी ताट वाढलं. खाली मान घालून जेवला, दोन वेळा भात घेतला. मला त्याच्या बोटांकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघता येत नव्हतं. लहानपणी याच बोटांना धरून मी त्याला विहारात न्यायचे. ती तशीच आहेत, नखांच्या कडेला शाई.

जेवण झाल्यावर त्याने हात धुतले, माठातून ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाला, “तू पण घे थोडं, मम्मी. तुझा घसा बसलाय.”

माझा हात पुढे गेला नाही.

माझ्या आजीच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नसे. ती सांगायची, लोक किळस आल्यासारखे हात मागे घ्यायचे, आणि तिच्या हाताने कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. ते सांगताना ती जो हात हवेत मागे घेऊन दाखवायची, तसाच माझा हात मागे आला. माझ्या स्वतःच्या मुलापुढे. राकेशनेही ते पाहिलं. त्यालाही ती गोष्ट माहीत आहे, मीच सांगितलीय.

मी म्हटलं, “तू जे केलंस त्याची मला शिसारी येते राकेश. तुझी येऊ नये म्हणून मी फार प्रयत्न करतेय.”

तो ग्लास धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “मी काय करू, सांग ना.” दुकानातला आवाज नव्हता तो.

“हे सगळं न्यायाधीशापुढे खरं सांग. भाऊंचं नाव घेऊन सांग. वकील काय म्हणेल ते विचारू नको.”

त्याने ग्लास टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीत गेला. दार लोटलं, कडी लावली नाही.

मला तहान लागली होती. मी उठून स्वतःच्या हाताने दुसरा ग्लास भरला. एक घोट घेतला, तो तोंडातच राहिला. घशाखाली जाईना.